चाचणीचा कागद काढण्याआधी हे बघ

तू विचारलंस की स्ट्रोकच्या पेशंटला थेट मोका चाचणी (स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी छोटी ३० गुणांची चाचणी) द्यायची का. दे, पण आधी त्याच्या घरची भाषा विचार. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू चालते, अक्कलकोटकडचे लोक कानडी बोलतात. मराठीत गडबडलेली बाई आपल्या भाषेत नीट उत्तरं देते. ३० पैकी २६ किंवा जास्त म्हणजे ठीक, ही रेषा शिकलेल्यांसाठी चालते, बारावी किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण ज्यानं कधी पेन्सिलच धरली नाही, त्याला घड्याळ काढायला लावून काय कळणार? विडी वळणाऱ्या बाईला पान कापण्यापासून दोरा बांधण्यापर्यंतची कृती करून दाखवायला सांग. क्रम चुकला तर दिसतोच. तारखेऐवजी गड्ड्याची यात्रा (आपल्या सिद्धेश्वराची, जानेवारीतली) होऊन गेली की यायची आहे, ते विचार.

वाचाघात (स्ट्रोकमुळे बोलणं किंवा बोललेलं समजणं बिघडणं) असेल तर गुणांवर भरवसा ठेवू नकोस. चष्मा, कानाचं यंत्र, झोप, ताप हेही आधी तपास. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं का, ते घरच्यांना विचार. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये डोळे चांगले असूनही डावी बाजू ध्यानातच येत नाही.

वागण्याबद्दल मात्र पेशंटसमोर विचारू नकोस. सुनेला बाहेर घेऊन बोल. "आळशी झालेत" म्हणाली, तर ते नैराश्य आहे की मेंदूतली उदासीनता, हे वेगळं काढावं लागतं. उदासीन माणूस रडत नाही, त्याला काही वाटतच नाही. दोन्ही एकत्रही असतात.