वार बघून जेवा : बार्बाडोसच्या खाण्यापिण्याबद्दल तुमचे प्रश्न

जून २०२४ मध्ये बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहितने टी-२० वर्ल्डकप उचलला आणि तेव्हापासून बार्बाडोसची पत्रं काही थांबत नाहीयेत. मैदान बघायचंय ते ठीक, पण पत्राच्या शेवटी 'तिकडे खायचं काय' हे असतंच असतं. म्हणून या वेळी फक्त खाण्याचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं फेब्रुवारीत जातोय, बुधवारी पोचतोय आणि सोमवारी निघतोय. हॉटेलच्या पॅकेजमध्ये तिन्ही वेळचं जेवण आहे, पण तिथलं खरं जेवण एकदा तरी जेवायचंय. चांगल्या रेस्टॉरंटची यादी द्याल का?

यादी नाही देत, रागवू नका. रेस्टॉरंट काय, आज असतं उद्या मालक बदलतो. त्यापेक्षा कॅलेंडर बघा, कारण बेजन लोक (बार्बाडोसची माणसं स्वतःला बेजनच म्हणतात) काय जेवणार ते बरंचसं वारावर ठरतं आणि चुकीच्या वारी गेलात तर तोच पदार्थ एकतर मिळत नाही नाहीतर टुरिस्टांसाठी उरकलेला मिळतो. तुमचे वार तर एकदम मस्त पडलेत.

गुरुवारी दुपारी पूर्व किनाऱ्यावर मार्टिन्स बेला जा. अटलांटिकची बाजू आहे, समुद्र खवळलेला, पोहायचं नाव नाही, पण गुरुवारचं मासळीचं जेवण जेवायला गाववाले लांबून तिथे येतात.

शुक्रवार हा कूकूचा वार. मक्याचं पीठ आणि भेंडी, बस. आधी भेंडी कापून उकळतात, ते बुळबुळीत पाणी गाळून बाजूला ठेवतात आणि मग भिजवलेलं पीठ त्याच पाण्यात थोडं थोडं करत शिजवतात, हलवायला एक चपटी लाकडी फळी असते तिला कूकू स्टिकच म्हणतात, आणि हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. शेवटी लोणी लावलेल्या वाडग्यात घालून ताटात पालथं मारायचं, वर खळगा करायचा आणि त्यात टोमॅटो-कांदा-थाइमच्या रश्श्यातला फ्लाइंग फिश. हाच तिथला राष्ट्रीय पदार्थ. पहिल्या घासाला 'यात काय एवढं' वाटेल, रस्सा नीट मुरू द्या मग बोला. हा दुपारी खायचा आणि रात्री ऑइस्टिन्सला जायचं. दक्षिणेकडचं मच्छीमारांचं गाव, शुक्रवारी रात्री तिथे फिश फ्राय भरतो, मार्लिन, टूना, स्वोर्डफिश डोळ्यांदेखत भाजून देतात. गर्दी प्रचंड, रांग असते, म्युझिकचा दणदणाट असतो, पण एका बाजूला जुन्या गाण्यांवर वयस्कर जोडपी शांतपणे बॉलरूम नाचत असतात ते मात्र चुकवू नका. सातच्या आत पोचलात तर बाकावर जागा मिळेल.

शनिवारी पुडिंग अँड सूस. पुडिंग ऐकून गोडाची तयारी करून जाल तर फसाल, रताळं किसून मसाला घालून वाफवलेलं असतं आणि जुन्या पद्धतीत ते डुकराच्या आतड्यात भरतात. सूस म्हणजे डुकराचं मांस, पाय-कानसुद्धा, उकडून लिंबू, काकडी, मिरचीच्या आंबट पाण्यात मुरवलेलं, आणि ते थंडच खायचं. सगळ्यांना झेपेलच असं नाही, पण शनिवारी दुपारी रस्त्याकडेच्या छोट्या दुकानांबाहेर डबे घेऊन उभे असलेले लोक दिसले की समजा तिथलं चांगलं आहे.

रविवारी घरोघरी मोठं जेवण, म्हणजे राइस अँड पीज, मॅकरोनी पाय (चीज घालून बेक केलेली मॅकरोनी) आणि बेक केलेलं चिकन. यातले पीज म्हणजे पिजन पीज, चक्क आपली तूर. बाहेर जेवायचं तर चौकशी करून जा, रविवारी बरंच बंद असतं. सोमवारी निघायच्या आधी ब्रेड अँड टू खा, सॉल्ट ब्रेड नावाच्या गोल पावात दोन फिश केक, म्हणजे माशाचे तळलेले वडे. नाव सॉल्ट ब्रेड असलं तरी तो पाव काही खारट नसतो.

एक सांगायचं राहिलं, टेबलावर पिवळ्या सॉसची बाटली असते ती नुसती मोहरीची वाटली तरी आत स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची असते. आम्ही तिखट खाणारे म्हणून शौर्य दाखवायला जाऊ नका, आधी थेंबभर.

प्रश्न : फ्लाइंग फिशचं एवढं ऐकलं, पण माझा भाऊ जाऊन आला त्याला धड मिळालाच नाही म्हणे. आणि ऑइस्टिन्सच्या बोर्डवर 'डॉल्फिन' लिहिलं होतं ते काय, तिकडे डॉल्फिन खातात??

नाही हो, तो डॉल्फिन म्हणजे माहीमाही नावाचा मासा. बिनधास्त खा.

फ्लाइंग फिशचा मोसम साधारण डिसेंबर ते जून, भाऊ ऑगस्ट-सप्टेंबरात गेला असेल तर फ्रीझरमधलाच मिळणार. पण मोसमातही हल्ली पूर्वीइतका सापडत नाही, मासळी कमी झालीय आणि सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ ढिगांनी वाहत येतं ते जाळ्यांची वाट लावतं. हा मासा तिकडे एक डॉलरच्या नाण्यावर आहे, एवढा जिवाचा. त्यावरून शेजारच्या त्रिनिदादशी भांडणही झालं, टोबॅगोजवळच्या पाण्यात मासेमारी करू द्या म्हणून बार्बाडोसने लवादाकडे मागणी केली होती, २००६ मध्ये निकाल लागला आणि तो हक्क काही मिळाला नाही. बाजारात मिळाला तर कोळिणी काटे काढतात ते बघत उभे राहा, काट्यांनी भरलेला मासा पण सुरीच्या चार-दोन फिरवण्यात पुस्तकासारखा उघडून सपाट होतो.

प्रश्न : सासूबाई सोबत येणार आहेत, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यांचं कसं होणार?

होईल, पण प्रत्येक ठिकाणी तोंड उघडून विचारावं लागेल. भाजीसारखं दिसणारं सगळंच तिकडे शाकाहारी नसतं. राइस अँड पीजमध्ये चवीला खारवलेली डुकराची शेपटी टाकायची पद्धत आहे, फिश केक तर नावातच आलं, मॅकरोनी पायमध्ये कुणी अंडं घालतं कुणी नाही. नुसता कूकू चालेल, रस्सा माशाचा नको म्हणून बजावून सांगा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की काहींना मासे चालतात असं वाटतं, म्हणून 'मांस नको, मासे नको, अंडं नको' असं तिन्ही सुटं सुटं म्हणा.

त्यांच्यासाठी खरी चैन म्हणजे कंदमुळं आणि फळं. भाजलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणातला नीरफणस, आख्खा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजून आत लोणी घालतात. कोनफळासारखा याम, रताळी, तळलेली पिकली प्लँटेन (भाजीची मोठी केळी), भोपळ्याचे फ्रिटर्स (यातही अंडं विचारा). ब्रिजटाऊनमध्ये टेंपल यार्डच्या बाजूला रास्ताफारी (जमैकात सुरू झालेला एक धर्मपंथ) लोकांचा बाजार आहे, त्यांचं जेवण 'आयटल' म्हणजे बहुतेक शाकाहारी, नारळाच्या दुधातलं, मीठ अगदी कमी किंवा नाहीच. सासूबाईंना अळणी लागेल, पर्समध्ये लोणच्याची पुडी ठेवा.

नोव्हेंबरात गेलात तर काँकीज मिळतील. मक्याचं पीठ, भोपळा, रताळं, खोबरं, साखर, मनुका सगळं कालवून केळीच्या पानात बांधून वाफवतात, आपल्या पानगीची गोड बहीणच. देश ३० नोव्हेंबर १९६६ ला स्वतंत्र झाला, त्या महिन्यात घराघरात होतात. नाताळात जगजग नावाचा प्रकार असतो, त्यात तूर आणि ज्वारीचं पीठ ऐकून सासूबाई खूश होतील पण खारवलेलं मांसही असतं, तेव्हा तो लांबूनच. त्याच दिवसांतलं सॉरेल नावाचं लाल सरबत मात्र नक्की प्यायला द्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं, फक्त रम न घातलेलं मागा.

प्रश्न : रम शॉपमध्ये बायकांनी जावं का? आणि मुलांना मॅकडोनाल्ड्स मिळेल का?

एकाच पत्रात दोन टोकं! जावं की. रम शॉप म्हणजे बार नव्हे, अर्धं किराणा दुकान, अर्धा कट्टा, आत पुरुष डॉमिनोजच्या सोंगट्या टेबलावर आपटत बसलेले असतात. दुपारी जा, आत शिरताना आधी 'गुड आफ्टरनून' म्हणा आणि मगच काय हवं ते विचारा, हे न करणारा माणूस तिकडे उद्धट ठरतो. जुने गिऱ्हाईक पेग घेत नाहीत, छोटी बाटली, बर्फ आणि कोक घेऊन वाटून पितात. माउंट गे या रमचा कागदोपत्री पुरावा १७०३ चा आहे, त्यामुळे या विषयात त्यांना काही शिकवायला जाऊ नये. पीत नसाल तर मॉबी मागा, झाडाची साल उकळून केलेलं पेय. आधी गोड, मग कडूजहर. मला आवडतं, घरात बाकी कुणालाच नाही.

मॅकडोनाल्ड्स नाही. १९९६ मध्ये आलं होतं आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळून गेलं. मुलांना शेफेटमध्ये न्या, तिथलीच कंपनी आहे, चिकन आणि रोटी मिळते, आणि मॅकरोनी पायची एक वडी खाल्ली की पोरं बर्गरचं नाव काढत नाहीत.

प्रश्न : पैशांचं काय? टिप किती द्यायची?

बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकन एक, १९७५ पासून हाच दर. दोन्ही चलतात, म्हणूनच मेनूवर नुसतं 'डॉलर' असेल तर कुठला ते ऑर्डर देण्याआधी विचारा, उत्तरावर बिल दुप्पट होतं. बिलात बऱ्याचदा १० टक्के सर्व्हिस चार्ज असतो, तो दिसला तर वेगळी टिप नाही दिली तरी चालते. व्हॅट साडेसतरा टक्के, तो किमतीत धरलाय का तेही बघा. पश्चिम किनाऱ्यावर होलटाऊनकडे महागडी हॉटेलं आहेत, डिसेंबर ते एप्रिल बुकिंगशिवाय उभं करत नाहीत. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी प्रवाळाच्या दगडातून गाळून येतं, सरळ प्या.

आणि हो, मिलिटरीसारखे चट्ट्यापट्ट्याचे कपडे बॅगेतून काढून टाका, लहान मुलांचेसुद्धा. कायद्याने बंदी आहे, जेवण राहील बाजूला.

प्रश्न : बीचवर झाडाखाली छोटी हिरवी सफरचंदं पडलेली फोटोत दिसली. खातात का ती?

अजिबात नाही! ते मँचिनील, विषारी आहे, एका घासात तोंड-घसा भाजून निघतो. पाऊस आला तर त्या झाडाखाली आडोशालाही उभं राहू नका, पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. बऱ्याच झाडांना लाल पट्टा किंवा पाटी असते पण सगळ्यांना नसते, त्यामुळे बीचवरची कुठलीच पडलेली फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका.