गोव्यातल्या मोलेच्या जंगलात पहिल्यांदा राहायला जातोयस ना?
अरे मग वनखात्याची रूम आधी बुक कर, कुळे स्टेशनवर उतरून ऐनवेळी विचारत बसू नकोस. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, पण पहाटे थंडी लागते हां, गोवा म्हणजे घाम असं समजून मी एकदा नुसती चादर नेली आणि रात्रभर कुडकुडत बसलो. पावसाळ्यात गेलास तर जळवा, मोज्याच्या विणीतूनपण आत घुसतात, खेचून काढू नकोस, नखाने कडेकडेने सरकव म्हणजे सुटते, रक्त थोडा वेळ वाहतं तेवढंच. बूट झटकूनच घाल. खायचं बाहेर ठेवलंस तर माकडांचं झालं. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल नको, चापडा, म्हणजे तो हिरवा विषारी साप, हिरव्या पानात दिसतच नाही. वेळ उरला तर जवळच्या तांबडी सुर्ला गावचं कदंब राजांच्या काळातलं देऊळ बघून ये.