पोरं म्हणतात झालं, ताई म्हणतात छान

प्रश्न : मी एका डिझाइन कॉलेजात थर्ड इयरला शिकवते. यंदा चार-चार पोरांचे ग्रुप करून जवळच्या गावातल्या अंगणवाडीत पाठवलं, खेळणी ठेवायला कपाट करायचं होतं. ग्रुपमध्ये एकच मुलगी राबली आणि बाकीचे फोटो काढत बसले. अंगणवाडीच्या ताई प्रत्येक वेळी 'छान आहे की' म्हणाल्या, पण महिन्याभराने गेले तर कपाटात आहाराची पोती ठेवलेली! कुठे चुकलं?

उत्तर : अहो मॅडम, ताईंनी 'छान' म्हटलं तिथेच तुम्हाला शंका यायला हवी होती. शहरातनं पोरं आली, एवढं गुळगुळीत चकचकीत ड्रॉइंग दाखवतायत, त्यांना तोंडावर नाही कोण म्हणणार? आधी चहा विचारतात लोक. म्हणून पहिल्या खेपेला ड्रॉइंग नेऊच नका, खोक्याचा पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी न्या आणि कात्री ताईंच्या हातात द्या, वेडंवाकडं मॉडेल दिसलं की माणसं बिनधास्त बोलतात, 'हे इथे नको, पोरगं चढेल त्यावर'.

माझी फजिती सांगतो. भाजीवाल्या मावशींसाठी आमच्या पोरांनी फोल्डिंग स्टँड केला होता, सगळे खूश, आणि एका मावशीने विचारलं, अतिक्रमणची गाडी आली की हा उचलून पळता येईल का? घडी घालायला चार मिनिटं लागत होती :) हा प्रश्न आमच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय करायचं ते लिहिलेल्या कागदात, कुठेच नव्हता, कारण ब्रीफ आम्हीच वर्गात बसून लिहिलेलं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला, एकदा पोरांना घेऊन जाच. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती असं हाताने करत शिकतात आणि गावाला सेवा देऊन तिचे पैसेही घेतात. मला ही पैशाची गोष्ट फार आवडते, कारण फुकटच्या वस्तूला कोणी नाव ठेवत नाही पण खिशातले पन्नास रुपये गेले की माणूस बरोब्बर सांगतो बिजागरी कुठे अडकते ते.

ग्रुपचं म्हणाल तर 'तू सॉफ्टवेअर, तू फोटो' अशी वाटणी बंद करा. दर आठवड्याला कामं फिरवा, आणि मार्क देताना प्रत्येकाला एकटं बसवून विचारा, दुसऱ्याच्या बोलण्यामुळे तुझं काय बदललं? फोटोवाले तिथेच गळपटतात. ज्युरीत, म्हणजे काम तपासायला बसता तेव्हा, ताईंनाही बसवा, पण त्यांच्या गावात, त्यांच्या वेळेला. त्यांना कॉलेजात बोलावून एसीत बसवलंत तर परत 'छान आहे' ऐकून याल.

आणि एका सेमिस्टरमध्ये संपवायची घाई का? अमेरिकेत अलाबामामध्ये ऑबर्न विद्यापीठाचा, आर्किटेक्चरच्या पोरांचा रूरल स्टुडिओ आहे, 1993 पासूनचा. 20 हजार डॉलरमध्ये घर बांधून होईल का, हा प्रश्न त्यांनी 2005 मध्ये घेतला आणि पुढच्या बॅचेस आधीच्यांचं घर बघून पुढचं बांधत राहिल्या. आपल्याकडे मात्र दर जूनला नवं गाव, नवा विषय, जुनं कपाट गेलं उडत.

तेव्हा नवीन काही काढू नका. त्याच पोरांना त्याच अंगणवाडीत पाठवा, पोती कपाटात का गेली ते विचारायला, म्हणजे जमिनीवर ओल येते की उंदीर आहेत की अजून काही, आणि जाताना सोबत करवत न्यायला सांगा.