एमपीएससीतली दोन वर्षं सीव्हीत झाकायची का? कंपन्या खरंच तपासतात का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. त्या माणसाला पैसे द्यायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं एवढीच इच्छा आहे. मला समजलं ते असं: तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी केलीत, ती सोडून दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केलात, यश आलं नाही आणि आता पुन्हा आयटीत यायचंय. एक कन्सल्टन्सीवाला त्या दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फोनवर 'हो, आमच्याकडे होता' म्हणणारा माणूस, असं सगळं जमवून द्यायला तयार आहे. मित्र म्हणतात, एवढं कोण बघतंय?

बघतात. मी पुण्यात १८ वर्षं भरतीचं काम करतेय, त्यातली बरीच हिंजवडीत गेली. तिथल्या मोठ्या कंपन्यांमध्ये ऑफर देताना किंवा रुजू झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतंच, आणि ते बाहेरच्या एजन्सीकडे असतं. कागद कितीही हुबेहूब असला तरी ही मंडळी तो कागद बघून थांबत नाहीत. तुमचा पीएफचा यूएएन नंबर १२ आकडी आणि आयुष्यभर एकच असतो. त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, हे तारखेसकट दिसतं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. मग दोन वर्षं तिथे होतात, तर पीएफ का नाही, हा पहिला प्रश्न येतो. छोटी कंपनी होती म्हणालात, तर पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट मागतात. काही ठिकाणी फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडची तुमच्या करकपातीची नोंदसुद्धा मागतात, त्यात टीडीएस कोणी कापला त्याचं नाव असतं. पत्त्यावर माणूस पाठवणाऱ्याही एजन्सी आहेत. आणि अशी लेटरं देणाऱ्या कंपन्यांची नावं एजन्सींच्या यादीत जातात. एक जण सापडला की त्याच लेटरहेडवरचे बाकीचेही उघडे पडतात. अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची लेटरं देऊन भारतात नोकऱ्या मिळवल्या गेल्या, आणि त्या लोकांना आम्ही काढून टाकलं, असं ॲक्सेंचरने २०२२ साली जाहीरच केलं होतं.

आता रेफरन्सबद्दल. आधीच्या कंपनीचा एचआर सहसा तारखा, हुद्दा, एम्प्लॉयी आयडी आणि एक्झिट नीट झाली का, इतकंच कळवतो, तेही कंपनीच्या मेलवरून. त्यामुळे मोबाइलवर बोलणारा तो 'मॅनेजर' तिथे काही कामाचा नाही. तुम्ही दिलेल्या रेफरन्सला मात्र मी स्वतः फोन करते. माझा ठरलेला शेवटचा प्रश्न असतो, 'याला पुन्हा तुमच्या टीममध्ये घ्याल का?' खरा मॅनेजर बोलायला लागला की थांबत नाही. कुठल्या रिलीजला रात्री दोनपर्यंत बसला होता, कुठे चुकला होता, सगळं येतं. शिकवलेला माणूस 'हार्डवर्किंग आहे, सिन्सिअर आहे' म्हणतो आणि गप्प होतो.

सगळीकडे इतकी तपासणी होते असं नाही. छोट्या फर्ममध्ये कधीकधी काहीच बघत नाहीत. पण भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखान्यांसाठीही मी माणसं बघितली आहेत. तिथे एजन्सी नसते, पण मालक मालकाला थेट फोन लावतो, आणि तो फोन कुठल्याही एजन्सीपेक्षा जास्त सांगून जातो.

२०१९ मधली एक गोष्ट मला अजून छळते. सोलापूरकडचा एक मुलगा, मीच निवडलेला. रुजू होऊन ४० दिवस झाले होते, टीम लीड त्याच्यावर खूष होता. एजन्सीचा रिपोर्ट आला तो लाल. आधीची नोकरी त्याने होती त्यापेक्षा १४ महिने जास्त दाखवली होती, रिलीव्हिंग लेटरवरची तारीख बदलून. मीटिंग रूममध्ये त्याला समोर बसवलं. त्याने निळी प्लास्टिकची फाइल उघडली, त्यात खरं लेटर होतं, आणि त्याच्याखाली वडिलांच्या डायलिसिसचे कागद, आठवड्यातून तीनदा, तारीखवार लावलेले. म्हणाला, 'मॅडम, गॅप दिसला तर कोणी बोलावणारच नाही असं सगळे म्हणाले.' त्या १४ महिन्यांसाठी मी त्याला कधीच नाकारलं नसतं. पण कागदात फेरफार सिद्ध झाल्यावर माझ्या हातात काही उरलं नव्हतं. त्याच दुपारी लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा करून तो गेला. ते कागद त्याने इंटरव्ह्यूलाच दाखवले असते, तर तो आज कदाचित तिथे टीम लीड असता.

म्हणून सांगते, गॅप लिहा. सरळ एका ओळीत: 'जून २०२२ ते मे २०२४: एमपीएससी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' महिने तुमचे खरे घाला. पूर्व पास झाला असाल, मुख्य दिली असेल, तर तेही लिहा. महाराष्ट्रात भरती करणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही, आमच्यापैकी कित्येकांच्या घरात कोणीतरी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दोन-तीन वर्षं काढलेली असतात. आमच्या मनात शंका असते ती वेगळीच: याचा हात अजून चालतो का, आणि पुढची जाहिरात आली की हा परत जाणार का? पहिलीचं उत्तर म्हणून दोन-तीन महिने बसून सेलेनियम (वेबसाइट आपोआप तपासायचं टूल) आणि एपीआय टेस्टिंगचा एखादा छोटा प्रोजेक्ट स्वतः करा, गिटहबवर टाका, लिंक सीव्हीत द्या. दुसरीचं उत्तर मनाशी पक्कं करून मगच इंटरव्ह्यूला जा, कारण ते तुम्हाला नक्की विचारतील.

पगार कदाचित थोडा कमी मिळेल, तुमचे बॅचमेट दोन वर्षं पुढे असतील. ते लागतं मनाला, मला माहीत आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की एका ठिकाणी ती दोन वर्षं भरलेला सीव्ही आधीच गेलाय. व्हेरिफिकेशनचा फॉर्म अजून भरला नसेल तर उद्या सकाळीच तिथल्या एचआरला दुरुस्त सीव्ही मेल करा आणि वर फोन करून सांगा की आधीच्या सीव्हीत चुकीची माहिती होती, ही बरोबर आहे. ती संधी हातची जाऊ शकते. पण फॉर्मवर सही केल्यानंतर हे सांगायला फार उशीर झालेला असतो. मेल कसा लिहायचा ते सुचत नसेल तर कच्चा मजकूर इथे टाका, मी आज रात्री बघून देते.