टीपॉयवर कुठं चमक, कुठं मॅट, असं काऊन?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मे महिन्याच्या सुट्टीत घरीच सागवानाचा टीपॉय बनवला, पहिल्यांदाच. सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर) मारून सँडपेपर घासला, मग ब्रशनं मेलामाइन मॅट पॉलिशचे तीन हात मारले. पहिला हात मस्त चमकत होता, वाटलं वाळल्यावर मॅट होईल, नाही झाला. तिसरा हात डब्यातलं उरलंसुरलं वापरून मारला तर आता पट्टे पट्टे दिसतात, काही चमकदार काही एकदम मळकट, कूलरकडच्या कोपऱ्यावर पांढरट ढग आलाय, आणि जोडाजवळ दोन बोटांएवढा फिकट डाग. सगळं खरडून काढू का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: थांबा भाऊ, खरडू नका. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, पहिला हात चमकला आणि शेवटचा मळकट आला, म्हणजे डबा ढवळला नाही. मॅट म्हणजे वेगळं काही नसतं हो, चमकदार पॉलिशमधेच बारीक भुकटी घातलेली असते, ती उजेड पसरवते म्हणून चमक मरते, आणि डबा ठेवला की ती तळाला जाऊन बसते. तुम्ही वरवरचं आधी वापरलं आणि तळाची सगळी भुकटी तिसऱ्या हातात आली. चपटी काडी घेऊन तळ खरवडून ढवळायचं, डबा खडखड हलवू नका, बुडबुडे येतात.

पट्ट्यांना दुसरंही कारण आहे, आपलं ऊन. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत दुपारी ब्रश घेऊन बसलात तर पॉलिश पातळ करायला घातलेला थिनर असा उडतो की शेजारची पट्टी मारेस्तोवर आधीची कड वाळलेली असते, त्यावर ब्रश पुन्हा गेला की तिथं डबल थर, आणि मॅटमधे डबल थर लगेच डोळ्यात येतो. सकाळी सहा-सातला मारा.

पांढरा ढग मात्र कूलरची करामत. थिनर उडताना पॉलिशचा वरचा थर गार पडतो, त्यावर कूलरची ओली हवा आली की पाण्याचा अंश आत अडकतो आणि पांढरं दिसतं. मी पण एकदा शेल्फवर हेच करून बसलोय, वरून कूलरच्या ताटीतलं गवताचं कूस चिकटलं ते वेगळं. बरेच जण सांगतात थिनरचा फवारा मारा, ढग जातो. लाखेच्या किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या पॉलिशवर जातो खरा, कारण ते थिनरमधे परत विरघळतात, पण हार्डनर (पॉलिश कडक करणारं रसायन) घातलेलं मेलामाइन पक्कं झालं की विरघळत नाही, ते घासूनच काढावं लागतं.

जोडाजवळचा डाग बहुतेक फेविकॉलचा, दाबताना बाहेर आला असेल आणि बोटानं पुसला असेल. तिथं लाकडानं पॉलिश पीलंच नाही. वरून कितीही हात मारा, डाग राहणारच, तेवढा भाग पटाशीनं हलकं खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत आणा आणि पुन्हा सीलर लावा. पुढच्या वेळी चिकटवल्यावर ओल्या फडक्यानं तेव्हाच पुसा, आणि पॉलिशआधी लाकडावर जरा पाणी फिरवून बघा, जिथं फेविकॉल असेल तिथं लाकूड ओलं होत नाही, फिकटच राहतं.

बाकी टॉपसाठी एवढंच करा. नख दाबून बघा, खूण उठत नसेल तरच ठोकळ्याला 320 नंबरचा पेपर गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा. मोबाइलचा टॉर्च टेबलाला आडवा धरून बघत रहा, चमकणारे ठिपके संपून सगळं सारखं फिकट झालं, ढगही गेला, की थांबा. भुकटी फडक्यानं पुसा, पॉलिश मलमलीतून गाळा, हार्डनर आणि थिनर डब्यावर लिहिलंय तेवढाच, अंदाजे नाही. मग एकच हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब, आणि मागं वळून पुन्हा ब्रश फिरवायचा मोह आवरा, तिथंच सगळे फसतात. कूलर बंद, खिडकी उघडी, गॅस पेटवलेल्या स्वयंपाकघराजवळ तर अजिबात नको, थिनर पेट घेतो.

वहिनींना सांगून ठेवा, आठ दिवस त्यावर टेबलक्लॉथ टाकायचा नाही, चिकटला तर पुन्हा पत्र लिहावं लागेल.