जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात तीनदा ऐन गर्दीच्या वेळी जेवलो, दर वेळी तिथला प्रसिद्ध रस्साच मागवला, तिन्ही वेळा निराशा झाली. गर्दी तर हटत नाही. मग चूक माझ्या जिभेची का?

जीभ ठीक आहे तुमची. तिन्ही वेळा ऐन गर्दीत गेलात आणि तिन्ही वेळा तिथला प्रसिद्ध रस्साच मागवलात, असं तुम्हीच लिहिलंय. घोळ बहुतेक तिथेच आहे.

मी दोन वर्षं अशाच एका जुन्या हॉटेलात गल्ल्यावर बसायचो. पाठीमागेच भटारखान्याचं दार. ज्या रश्श्यावर हॉटेलचं नाव झालं, तो पूर्वी एका मध्यम पातेल्यात व्हायचा. गिऱ्हाईक वाढलं तसं पातेलंही वाढलं. आता गंमत बघा, पातेलं लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट केलं की आत माल मावतो आठपट, पण आच लागणारा तळ आणि वाफ निघणारं तोंड वाढतं चौपटच. म्हणजे तितकाच दाटपणा यायला जवळपास दुप्पट वेळ आटवायला हवं. दारात रांग लागलेली असताना एवढं कोण थांबतो? कांद्याचंही तसंच. ढीगभर कांदा एकदम पडला की त्याला पाणी सुटतं, आणि ते पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही. खरपूस रंग आणि वास नीट यायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. मग कांदा परतला जातच नाही, नुसता शिजतो. आचारी तोच, मसाला तोच, मापंही हिशेबाने वाढवलेली, आणि चव गायब. ‘आमच्याकडे काहीच बदललेलं नाही’ असं आमचे मालक छातीठोकपणे सांगायचे, ते खोटं नव्हतं.

लबाडी अजिबात नसते असं नाही. पुन्हापुन्हा तापवून काळं पडलेलं तेल, फ्रिजमधून काढून गरम केलेला भात, हे मीही पाहिलंय. पण तुमचं वर्णन वाचून तसं वाटत नाही.

मग ती गर्दी कसली? जुनी गिऱ्हाइकं अर्धी चव आठवणीतून घेतात, आणि नवी गर्दी पाहून येतात.

अजून एकदा जायची इच्छा असेल तर गर्दी ओसरलेली असताना जा. अगदी उघडल्या उघडल्या नको, कालचं उरलेलं आधी खपवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. प्रसिद्ध पदार्थ टाळा, कारण मोठ्या पातेल्यात तोच असतो. ऑर्डर दिल्यावर छोट्या कढईत पडणारं काहीतरी मागवा. तेही फसलं तर मात्र तिकडे फिरकू नका.

आणि बिल देताना नेमकं सांगा. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ यावर मी नुसता हसायचो, दिवसातून चारदा ऐकायचो ते. ‘कांदा कच्चा लागतोय’ म्हटलं की मात्र आत जाऊन सांगावं लागायचं. असं दोन-चार जणांनी सांगितल्यावर आमच्या आचाऱ्याने हट्टाने मोठं पातेलं उतरवून तीन लहान चढवली. रस्सा सुधारला, पण रांग लांबली आणि काही लोक परत जायला लागले. त्यावरून मालकांशी त्याचं जे वाजलं, ते मी नोकरी सोडली तोवर मिटलेलं नव्हतं.