हार्ट फेल्युअर आणि चालण्याचा व्यायाम: घड्याळातलं नाडीचं लक्ष्य काढून टाका

तुमच्या वडिलांचं वय ६४, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के, तब्येत सध्या स्थिर. डॉक्टर म्हणाले ‘चालायला लागा’ आणि तुम्ही २२० वजा वय असा हिशेब करून घड्याळात नाडीचं लक्ष्य लावलंत. ते आधी काढा. बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असताना नाडी फारशी चढतच नाही. त्या आकड्याच्या मागे लागले तर झेपेल त्याच्या पलीकडे जातील.

दमावर लक्ष ठेवा. रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायामात, आम्ही बोर्ग स्केल वापरतो: किती दमलो ते रुग्णानेच ६ ते २० मधल्या आकड्यात सांगायचं. त्यात ११ ते १३ पुरे. म्हणजे चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

सुरू करण्याआधी स्ट्रेस टेस्ट, निदान सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. आयसीडी (ठोके धोकादायक वेगाने पडू लागले की शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलं असेल तर ते किती ठोक्यांवर शॉक देतं ते विचाराच. व्यायामात नाडी त्याच्या १० ते २० ठोके खालीच हवी.

पहिल्या आठवड्यात सलग अर्धा तास नको. दोन मिनिटं चालणं, मिनिटभर बसणं, असं दहा मिनिटं. मग आधी वेळ वाढवा, नंतर दिवस, वेग सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं! शेवटची काही मिनिटं अगदी सावकाश चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, त्यात बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या. चक्कर आलीच म्हणून समजा. हलकी वजनं काही आठवड्यांनी चालतील, पण श्वास रोखून नाही. पोहणं विचारल्याशिवाय नको: पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे ढकललं जातं.

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, आडवं पडल्यावर धाप लागली, पावलं सुजली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ताप असेल तर सुट्टी. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल.

घाबरून बसवून मात्र ठेवू नका. एचएफ-ॲक्शन या २००९ च्या अभ्यासात ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेले २,३३१ रुग्ण होते, आणि देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम त्यांना सुरक्षित ठरला. तीन महिन्यांनी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ तेवढाच दिसला तरी हिरमुसू नका. फायदा बराचसा पायांच्या स्नायूंत होतो. तेव्हा सहा मिनिटांची चाचणी पुन्हा करा आणि अंतर ताडून पाहा.